परसातला हिरवा मसाला: कोणाशेजारी काय लावावं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, मेथी, शेपू, गवती चहा, आलं, हळद, लसणाची पात, ओव्याचं पान, तुळस. महाराष्ट्रातल्या परसात, गच्चीवर किंवा बाल्कनीतल्या कुंड्यांत बहुतेक हीच मंडळी असतात. ती एकमेकांशेजारी आणि भाजीच्या रोपांशेजारी कशी लावावीत, याबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सोबतीची लागवड म्हणजे नेमकं काय? हे परदेशातून आलेलं आहे का?

एकाच वाफ्यात किंवा कुंडीत वेगवेगळी झाडं अशी लावायची, की एकाचा दुसऱ्याला उपयोग व्हावा, निदान अडचण तरी होऊ नये. उपयोग अनेक तऱ्हेचे असतात. कोणी सावली देतं, कोणी टेकू देतं, कोणाच्या फुलांवर उपयोगी किडे येतात, कोणी रिकामी जागा भरून काढतं.

नाव नवं वाटलं तरी रीत आपल्या ओळखीची आहे. ज्वारीत तूर, बाजरीत मटकी, कापसाच्या ओळींमध्ये मूग-उडीद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतले जातात. त्याहून देखणं उदाहरण गोव्यातल्या कुळागरांत आणि कोकणातल्या आगरांत दिसतं. वर माड आणि पोफळी, पोफळीच्या खोडावर चढलेली मिरी, मधल्या उंचीला केळ आणि जायफळ, तळाशी सावलीत आलं, हळद, अळू. ज्याला जेवढं ऊन सोसतं तेवढंच त्याच्या वाट्याला येतं. परसात आणि गच्चीवर हेच लहान मापात करायचं असतं.

इंटरनेटवर ‘मित्र झाडं, शत्रू झाडं’ असे तक्ते मिळतात. त्यांवर विसंबावं का?

वाचायला हरकत नाही, पण त्यांवरून बाग आखू नका. हे तक्ते बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बागांवरून तयार झालेले आहेत. तिथे बागेचा मुख्य हंगाम उन्हाळा. आपल्याकडे पालेभाज्यांचा खरा हंगाम हिवाळा. तिथे टोमॅटोबरोबर वाफ्यात असणारी झाडं आपल्याकडे त्याच महिन्यात असतीलच असं नाही. त्या तक्त्यांत कढीपत्ता नसतो, हळद नसते, मेथी क्वचितच असते. शिवाय त्यांतली बरीच विधानं एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आली आहेत. प्रयोग करून तपासलेली त्या मानानं थोडी.

शेजारी ठरवताना मी आधी चार गोष्टी बघायला सांगेन: पाणी, ऊन, मुदत आणि मुळं. पुदिन्याला आणि अळूला कायम ओल लागते, तर ओव्याच्या पानाला आणि कोरफडीला दोन पाण्यांमध्ये माती सुकलेली बरी वाटते. ही दोन टोकं एका वाफ्यात आली की एकाचं तरी नुकसान ठरलेलं. मिरची-टोमॅटोला सहा तास ऊन हवं, कोथिंबीर-पुदिना तीन-चार तासांवर भागवतात. मेथी महिन्याच्या आत निघते, हळद आठ-नऊ महिने जागा अडवते. म्हणून या दोघींचं जमतं. गवती चहाची मुळं दाट जाळं विणतात, लसणाची मुळं वरच्या थरात थोडक्यात राहतात. एवढं जुळलं की सत्तर टक्के काम झालं असं खुशाल समजा. वास, किडी, फुलं यांचा विचार त्यानंतर.

पण उग्र वासाच्या झाडांमुळे किडी पळतात, हे खरं ना?

वासाला आपण फार श्रेय देतो. इंग्लंडमधल्या वेल्सबर्न इथल्या संशोधन केंद्रातले स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आणि २००० साली एक वेगळा विचार मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या पिकाचा वास आला की कीड खाली उतरते. उतरताना ती हिरव्या रंगावर उतरते, तपकिरी मातीवर उतरत नाही. मोकळ्या मातीत एकटं कोबीचं रोप असेल तर ती नेमकी त्याच्यावरच जाऊन बसते. भोवती दुसरी हिरवी पानं असतील तर पुष्कळदा चुकीच्या पानावर बसते, पायांनी चव घेते, उठते, पुन्हा बसते. अंडी घालण्यापूर्वी योग्य पानाची खात्री तिला एकापेक्षा जास्त वेळा पटावी लागते. मध्ये चुकीची पानं आली की ती साखळी तुटते आणि ती दुसरीकडे निघून जाते. अशा प्रयोगांत हिरव्या कागदाची खोटी झाडंसुद्धा उपयोगी पडली, आणि वासाची झाडं बिनवासाच्या हिरव्या झाडांपेक्षा फार सरस ठरली नाहीत.

आपल्या दृष्टीनं याचा अर्थ मोठा आहे. वांगी, कोबी, मिरची यांच्या मधली माती उघडी ठेवून कोपऱ्यात एक पुदिन्याची कुंडी ठेवली, तर तिचा वास राखण करणार नाही. तीच जागा कोथिंबीर, मेथी, शेपू यांनी भरून टाकली तर किडीला आपलं झाड शोधणं अवघड जातं, आणि आपल्याला रोजची मूठभर भाजीही मिळते.

कोथिंबीर कोणासोबत लावावी?

जवळपास कोणाहीसोबत. परसबागेतली ही सगळ्यांत गुणी शेजारीण आहे. मुळं फार पसरत नाहीत, उंची बेताची, पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत काढायला येते.

वांग्याबरोबरची जोडी मला सर्वांत मोलाची वाटते. वांग्याच्या शेंड्यात आणि फळात शिरणारी अळी घरच्या बागेत फार त्रास देते. बांगलादेशात वांग्यात कोथिंबिरीचं आंतरपीक घेऊन प्रयोग झाले, त्यांत या अळीचा उपद्रव कमी दिसला. अळी पूर्ण जाते असं कोणी समजू नये; वाकलेले, सुकलेले शेंडे दिसले की खुडून नष्ट करावेच लागतात. पण वांग्याचं रोप लहान असताना भोवतीची दीड-दोन फूट जागा रिकामीच असते. तिथे धने टाकायला काहीच हरकत नाही.

मिरचीच्या कुंडीतही तेच. बारा इंची कुंडीत मध्ये मिरचीचं रोप, कडेनं गोल धने. मिरची पसरेपर्यंत कोथिंबीर एकदा काढून झालेली असते.

उन्हाळ्यात गणित उलटं होतं. मार्च-एप्रिलमध्ये कोथिंबीर उन्हानं घाईघाईनं तुऱ्यावर येते आणि पानं बारीक होतात. तेव्हा ती दोडक्या-कारल्याच्या मांडवाखाली किंवा उंच झाडाच्या पूर्वेला पेरा. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन अडलं की ती टिकते.

धने पेरताना रगडून दोन फाकी करा. एका धन्यात दोन बिया असतात, त्यामुळे बियाणं पुरवठ्याला येतं. उगवायला आठ-बारा दिवस लागतात. तोवर धीर धरा आणि माती ओली ठेवा.

कोथिंबीर, शेपू फुलावर आले की उपटून टाकावेत ना?

सगळे उपटू नका. या पानावरची एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, असं मी आग्रहानं सांगेन.

कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा, जिरं, गाजर ही सगळी एकाच कुळातली. छत्रीसारखा तुरा हे त्या कुळाचं लक्षण. तुऱ्यातलं एकेक फूल इवलंसं आणि उथळ असतं, त्यामुळे आखूड तोंडाच्या किड्यांना त्यातला मध आणि पराग सहज घेता येतो. असे किडे म्हणजे सिरफिड माशी, ढालकिडा (लेडीबर्ड) आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या. सिरफिड माशी स्वतः मधावर जगते, तिच्या अळ्या मावा खातात. ढालकिडा आणि त्याच्या अळ्या दोन्ही मावा फस्त करतात. परोपजीवी गांधीलमाशी दुसऱ्या किडींच्या अंड्यांत किंवा अळ्यांत स्वतःची अंडी घालते. या सगळ्यांना तुमच्या बागेत राहायला दोन गोष्टी लागतात, थोडे मावे आणि थोडी फुलं. फुलांची सोय आपल्या हातात आहे.

म्हणून दर वाफ्यात कोथिंबिरीच्या चार-पाच काड्या आणि शेपूच्या दोन-तीन काड्या तशाच वाढू द्या. पेरणी पंधरा-वीस दिवसांच्या अंतरानं टप्प्याटप्प्यानं केली तर कुठे ना कुठे फूल चालू राहतं. घेवड्यावर, चवळीवर मावा बसला की ढालकिड्याच्या काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या लांबट अळ्या दिसू लागतात. त्या ओळखायला शिका. अनेक जण त्यांनाच कीड समजून मारतात.

बडीशेप चार-पाच फूट वाढते, तेव्हा तिला वाफ्याच्या उत्तरेच्या कडेला जागा द्या. तुरे वाळल्यावर धने आणि शेपूचं बी घरचंच मिळतं, हा आणखी एक फायदा.

पुदिना वाफ्यात लावला तर?

काही महिन्यांत वाफा पुदिन्याचा होईल. तो जमिनीवरून आणि जमिनीखालून धुमारे सोडत पसरतो आणि शेजारच्याचं पाणी पळवतो. त्याला स्वतंत्र, पसरट, सहा-आठ इंच खोल कुंडी द्या. जमिनीतच लावायचा असेल तर बूड कापलेली बादली पुरून तिच्यात लावा. अर्धी सावली आणि ओल मिळाली की बाजारातून आणलेल्या जुडीतली काडीसुद्धा रुजते.

जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर अळू, केळ, कर्दळ वाढवत. अळू आणि केळ तिथे ठीक आहेत, पण साबणाच्या सांडपाण्यावर पुदिना वाढवू नये. तो आपण कच्चा वाटून खातो.

टोमॅटोशेजारी तुळस लावली की टोमॅटोची चव सुधारते का?

चवीचा दावा सोडून द्या. त्याला आधार नाही. हा सल्ला मुळात इटालियन तुळशीबद्दलचा, म्हणजे बेसिलबद्दलचा आहे. आपला सब्जा त्याच जातीचा, देवघरापुढची तुळस वेगळ्या जातीची.

जोडी मात्र चांगली आहे, कारण दोघांना भरपूर ऊन आणि नियमित पाणी लागतं, आणि टोमॅटो काठीला बांधून वर नेला की त्याच्या पायाशी बेसिल किंवा सब्ज्याला जागा राहते. एक-दोन फांद्यांना मंजिऱ्या येऊ द्या. त्यांवर मधमाश्या सतत असतात, आणि मिरची, वांगी, भोपळा, काकडी अशा शेजाऱ्यांनाही त्यांच्या वावराचा फायदा होतो. भोपळा-काकडीला तर माश्यांशिवाय फळच धरत नाही.

वृंदावनातल्या तुळशीत मात्र दुसरं काही लावू नये असं मला वाटतं. तिथली माती थोडी, आणि त्या जागेचा मानही वेगळा.

झेंडू सगळ्या बागेचं रक्षण करतो असं ऐकलं आहे. खरं किती?

झेंडूची दोन कामं खरी आहेत, पण दोन्हींना अटी आहेत.

पहिलं काम सापळ्याचं. टोमॅटोचं फळ पोखरणारी अळी, हरभऱ्यावर जिला आपण घाटेअळी म्हणतो तीच, झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालायला पसंत करते. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं यावरून शेतासाठी शिफारस केली: टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच झेंडूची एक ओळ, आणि लावताना झेंडूची रोपं सुमारे ४५ दिवसांची, टोमॅटोची २५ दिवसांची. झेंडूचं वय जास्त ठेवण्याचं कारण सरळ आहे. टोमॅटोला फुलं येतील त्याच वेळी झेंडू फुललेला हवा. घरी ओळी मोजायची गरज नाही, पण वयाचा हा फरक पाळा. झेंडू आधी पेरा, टोमॅटो तीन आठवड्यांनी. आणि झेंडूची फुलं रोज बघून अळ्या वेचा. सापळ्यात सापडलेली अळी तिथेच मोठी होऊ दिली तर पुढची पिढी टोमॅटोवरच येणार.

दुसरं काम जमिनीतल्या सूत्रकृमींचं. टोमॅटो, वांगी, भेंडी, मिरची यांच्या मुळांवर गाठी करणारे हे सूक्ष्म कृमी. झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथायनिल नावाचं द्रव्य असतं, ते त्यांना घातक ठरतं. मात्र हा परिणाम वाफाभर दाट झेंडू दोन-तीन महिने उभा ठेवून, नंतर त्याच जागी भाजी लावली तर नीट मिळतो. टोमॅटोशेजारी एकच झाड लावून जमीन साफ होत नाही. आपल्याकडे याची सोय आपोआप आहे: दसरा-दिवाळीसाठी पावसाळ्यात वाफाभर झेंडू घ्या, दिवाळीनंतर तो काढून तिथे हिवाळी टोमॅटो लावा.

एक सावधगिरी. कडक उन्हाळ्यात झेंडूवर लाल कोळी ही बारीक कीड फार होते. पानं फिकट, ठिपक्या-ठिपक्यांची झाली आणि बारीक जाळी दिसली की ते झाड बागेतून काढा.

सापळा म्हणून स्वयंपाकघरातलं दुसरं काही चालतं का?

मोहरी. कोबी-फ्लॉवरवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे जास्त ओढला जातो, मावाही तिच्यावर गोळा होतो. शेतात कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घेतात, पहिली कोबीच्या लागवडीआधी १५ दिवस आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरून. घरी चार कोबींभोवती चिमूटभर मोहरी फोडणीच्या डब्यातून घेऊन टाकली तरी उगवते. कीड जमली की मोहरी उपटून बादलीभर साबणाच्या पाण्यात बुडवा.

कढीपत्ता आणि लिंबू शेजारी लावले तर चालतील?

जागा असेल तर दूर लावा. दोघंही एकाच कुळातले आहेत, त्यामुळे किडीही सामाईक. कोवळ्या शेंड्यांवर बसणारी सिट्रस सायला ही बारीक कीड कढीपत्त्यावर वाढते आणि तिथून लिंबावर जाते. लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग हीच कीड पसरवते. म्हणून कढीपत्त्याचे कोवळे शेंडे सतत खुडत राहा. स्वयंपाकाची सोय होते, झाड फुटवे धरतं आणि किडीला कोवळं पान कमी मिळतं.

दोघांवर आणखी एक पाहुणा येतो. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी आणि मोठेपणी हिरवीगार होणारी अळी. ती फुलपाखराची. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, त्याच घराण्यातलं आणि तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. झाड मोठं असेल तर पाच-दहा अळ्यांना पानं खाऊ द्यावीत. झाड पुन्हा फुटतं. रोप हातभर असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा.

कढीपत्त्याच्या पायाशी काय लावायचं? आलं, हळद, पावसाळ्यात अळू. झाडाची विरळ सावली या तिघांना मानवते.

परदेशात कढीपत्ता नेऊन लावायचा आहे. त्यालाही हेच लागू?

हो, आणि अधिक कडकपणे. सायला आणि ग्रीनिंगमुळे अमेरिकेच्या लिंबू-संत्री पिकवणाऱ्या राज्यांत कढीपत्त्याची रोपं आणि ताजी पानं हलवण्यावर निर्बंध आहेत. रोप तिथल्याच परवानाधारक नर्सरीतून घ्या. कडाक्याच्या थंडीत कुंडी घरात, खिडकीशी हवी. बर्फ त्याला सोसत नाही.

गवती चहा लावला की डास येत नाहीत?

उभं झाड डास पळवत नाही. पान चुरडल्यावर तेल बाहेर येतं, वास त्याचा. डास पळवणारं म्हणून विकलं जाणारं सिट्रोनेला तेल गवती चहाच्या भाऊबंदांपैकी दुसऱ्या गवताचं आहे.

गवती चहाचं ठोंब तीन-चार फूट पसरतं, पात्याच्या कडा कापतात, मुळं दाट. त्याच्या दोन फुटांत नाजूक पालेभाजी घेऊ नका. उताराच्या कडेला, बांधावर, गच्चीच्या कोपऱ्यात तो उत्तम. तिथे माती धरून ठेवतो. कापलेली जुनी पाती वाफ्यात आच्छादन म्हणून पसरा. दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडून पुन्हा लावा.

हळद आणि आलं इतके महिने जागा अडवतात. मध्ये काय घ्यावं?

अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या मध्यापर्यंत कंद लावले जातात आणि पानं वाळल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, काढणी होते. पहिले दोन महिने दोन गड्ड्यांमधली जमीन जवळजवळ मोकळी असते. देशावर, जिथे पाऊस बेताचा, तिथे जूनच्या सुरुवातीला मेथी किंवा कोथिंबीर टाकली तर ऑगस्टमध्ये हळदीची पानं एकमेकांना भिडून जमीन झाकायच्या आत ती निघते. कोकणात आणि घाटमाथ्यावर त्या पावसात कोथिंबीर सडते. तिथे मधली जागा पालापाचोळ्यानं झाकलेली बरी.

उन्हाळ्यात लावलेल्या कोवळ्या आल्या-हळदीला थोडी सावली हवी असते. सातारा-सांगलीकडचे शेतकरी यासाठी कडेनं एरंड लावतात. घरी तेच काम तुरीची दोन-चार झाडं करतील. मका मात्र हळदीत घेऊ नका. तो अन्नाला फार हावरा आहे, आणि त्याचा फटका कंदाला बसतो.

आल्याबद्दल एक महत्त्वाचं. ज्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता आणि विशेषतः जिथे झाडं अचानक कोमेजून मेली, तिथे आलं लावू नका. मर रोगाचा जिवाणू दोन्हीकडे चालतो. कंदकूज टाळायला पाण्याचा निचरा हवा, म्हणून सपाट वाफ्याऐवजी गादीवाफा, म्हणजे उंच केलेला वाफा, करा.

हळदीची पानं पातोळ्यांसाठी काढायची असतील तर एका झाडाची एक-दोन बाहेरचीच घ्या. पानं गेली की कंद पोसत नाही.

मेथी लावली की शेजारच्या झाडाला नत्र मिळतं का?

मेथी शेंगवर्गीय आहे, तिच्या मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जिवाणू असतात. एखादं रोप हळूच उपटून गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पण हे नत्र मेथी स्वतःच वापरते. शेजाऱ्याला ते नंतर, मुळं कुजल्यावर मिळतं. म्हणून मेथी उपटण्याऐवजी जमिनीलगत कापा आणि मुळं मातीतच राहू द्या. मुंबईकडे वाळूत पेरलेली समुद्रमेथी इतक्या लवकर निघते, की तिच्याकडून नत्राची अपेक्षाच करू नये.

लसूण कुठे बसवावा?

जिथे फट असेल तिथे, ऊन मात्र हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोबी, फ्लॉवर, बीट यांच्या ओळींमध्ये पाकळ्या टोका. पात उभी वाढते, कोणावर सावली पडत नाही. हिरवी पात खायची असेल तर पाकळ्या जवळ-जवळ, गड्डा हवा असेल तर चार बोटांच्या अंतरानं. उंच वेलाच्या सावलीत लसूण पोसत नाही.

ओव्याचं पान, कोरफड यांच्यासोबत काय?

ही दोघं एकमेकांसोबतच चांगली. भज्यांसाठी आपण जे जाड, लवदार ओव्याचं पान लावतो त्याच्या पानांतच पाणी साठलेलं असतं. रोज पाणी घातलं तर बुडाशी कुजतं. ओव्याचे दाणे देणारं झाड निराळं, ते कोथिंबिरीच्या कुळातलं.

रोझमेरी आणि थाइम आपल्याकडे जगतात का?

हिवाळ्यात मजेत. खरी परीक्षा पावसाळ्याची. ही भूमध्य समुद्राकाठची झाडं, कोरड्या उन्हाळ्याची सवय असलेली. अर्धी वाळू मिसळलेली माती, मातीची कुंडी आणि जून ते सप्टेंबर पागोळीआड जागा. दोघं एका कुंडीत चालतील. कोथिंबीर-पुदिन्याबरोबर त्यांना ठेवू नका, पाण्याचा मेळ बसत नाही.

बाल्कनी लहान आहे. एका कुंडीत काय काय बसेल?

बारा इंची कुंडीत मिरची आणि कोथिंबीर. पंधरा-अठरा इंचीत टोमॅटो आणि पायाशी सब्जा. तीन फूट लांब ट्रेमध्ये एका कडेला लसणाची पात, मध्ये मेथी, दुसऱ्या कडेला शेपू. मेथी निघाली की तिच्या जागी पुन्हा धने. पुदिना वेगळा. कढीपत्ता वेगळा, मोठ्या कुंडीत. उंच झाडं उत्तरेला किंवा भिंतीकडे.

कुंडीत दोन झाडं म्हणजे खतही दोघांचं लागतं. दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत द्या. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांपासून गच्चीवर माती तयार करायची रीत कित्येक घरांत पोचवली. कुंडीबागेसाठी ती आजही मला सर्वांत योग्य वाटते. हलकी माती, भरपूर जीव, विकतचं थोडं.

गुलाबाच्या कुंडीशेजारी खायची पानं ठेवू नका. गुलाबावर फवारलेलं औषध वाऱ्यानं थेट कोथिंबिरीवर येतं.

एवढं करूनही कीड आलीच तर?

येणारच. मावा थोडा असेल तर आधी चार-पाच दिवस थांबून ढालकिडे येतात का बघा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं मावा खाली पडतो. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्यानं पुसून काढा.

तरी आवरत नसेल तर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, साबणाचे थोडे थेंब घाला आणि संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. फुललेल्या शेपू-कोथिंबिरीवर फवारू नका, कारण तिथेच आपले राखणदार बसलेले असतात. फवारलेली पानं काही दिवस खुडू नका, नंतर धुऊन वापरा.

तीन फूट रुंद, सहा फूट लांब असा एकच वाफा आहे. वर्षभराची आखणी कशी करू?

जूनमध्ये अर्ध्या वाफ्यात हळद, अर्ध्यात झेंडू. आग्नेय कोपऱ्यात हात पोचेल असं गवती चहाचं एक ठोंब, पण वाफ्याबाहेर. दिवाळीनंतर झेंडू काढून तिथे दोन टोमॅटो आणि दोन वांगी. त्यांच्या मधल्या जागेत लगेच धने आणि मेथी टाका, कडेनं लसणाच्या पाकळ्या. टोमॅटोसाठी नव्या झेंडूची दोन रोपं कुंडीत आधीच तयार ठेवा. डिसेंबरमध्ये शेपू आणि पुन्हा धने; यांतल्या काही काड्या फुलायला सोडायच्या. फेब्रुवारीत हळद निघाली की ती जागा उन्हाळ्यासाठी दोडक्याच्या मांडवाला द्या आणि मांडवाखाली सावलीत कोथिंबीर पेरा. पुढच्या जूनमध्ये हळद आणि झेंडू यांच्या जागा बदला.